काळी पडणारी शिशी: पाण्याची घरगुती चाचणी वर्षभर वापरून

आमची खानावळ ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे, जीवाजीगंजला. ओसरीवर दोन पंगती बसतात, २६ मुलं. बहुतेक भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीकडची, कोचिंगसाठी ग्वाल्हेरला खोल्या घेऊन राहिलेली. गेल्या वर्षी भाद्रपदात त्यातल्या दोघांना आठवड्याच्या अंतराने कावीळ झाली. रक्त तपासलं, हिपॅटायटिस ए निघाला. दुसऱ्या मुलाच्या डॉक्टरांनी त्याच्याबरोबर निरोप पाठवला, "मेसवाल्या काकूंना विचार, पाणी कुठलं देतात." मला ते फार लागलं. आमच्याकडे आरओ आहे, त्याचे फिल्टर वेळेवर बदलते, बिलं फाइलला लावलेली आहेत. पण माझ्या पंगतीतून उठून दोन पोरं अंथरुणाला खिळली होती. रागावून चालण्यासारखं नव्हतं.

माझा पुतण्या शाळेत विज्ञान शिकवतो. तो म्हणाला, "काकू, बिलं काय दाखवतेस, पाणी दाखव." आणि दुसऱ्या दिवशी पाच शिश्या ओट्यावर आणून ठेवल्या. त्यांच्याबद्दलच हे लिहिते आहे. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी मी त्या वापरते, त्यांचे गुण पाहिले आणि एकदा त्यांनी मला फसवलंही.

दुकानात याला एच-टू-एस शिशी म्हणतात, कोणी बॅक्टेरिया टेस्टची शिशी म्हणतात. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, ऑनलाइनही मिळते. मला एक शिशी साधारण ४० रुपयांना पडली. बोटभर उंचीची, फिरकीच्या झाकणाची, आत तपकिरी डाग पडलेला घडीचा कागद. बाहेर एक रेघ. त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, हलवायचं आणि उबेत ठेवून द्यायचं. पाणी पिवळसर-तपकिरी राहिलं तर ठीक. काळं पडलं तर त्या पाण्यात मैला गेलेला असण्याची शक्यता मोठी.

काळं का पडतं ते मी पुतण्याकडून नीट समजून घेतलं, कारण न समजता मी मुलांना काय सांगणार? कागदात जंतूंचं खाणं असतं आणि त्याबरोबर लोहाचा क्षार आणि थायोसल्फेट. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातून बाहेर पडणाऱ्या मैल्याबरोबर असे बरेच जंतू येतात, जे थायोसल्फेटमधलं गंधक मोकळं करून हायड्रोजन सल्फाइड वायू, म्हणजे शिशीच्या नावातला एच-टू-एस, तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. तो लोहाशी मिळाला की काळा साका बसतो. देवघरातली चांदीची निरांजनं काळवंडतात तोही गंधकाचाच प्रताप, फक्त तिथे लोहाऐवजी चांदी असते.

आणि ही युक्ती आपल्या गावची आहे. झाशी रोडवर संरक्षण खात्याची डीआरडीई ही संस्था आहे, तिथल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी बसवली आणि १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तिचा निबंध छापून आला. इन्क्युबेटर नको, सूक्ष्मदर्शक नको, शिकलेला माणूसही नको. पुढे देशोदेशी खेडोपाडी ती वापरली गेली. त्या संस्थेसमोरून मी इतकी वर्षं टेम्पोने गेले, आत काय चालतं याची गंधवार्ता नव्हती. हे कळलं तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

आता त्या पाच शिश्या. पुतण्याने सांगितलं की एक भरून काही कळणार नाही, पाण्याच्या वाटेवर जागोजागी भरायची. त्या दिवसांत आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला येत होते. मी साबणाने हात धुतले, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू दिलं नाही, आणि पहिली शिशी नळाला फसफस हवा येऊन जे पहिलं पाणी पडलं त्याची भरली. दुसरी अंगणातल्या हौदाची. तिसरी गच्चीवरच्या टाकीची. चौथी आरओच्या तोटीची. पाचवी ओसरीवरच्या माठाची, ज्यातून मुलं पाणी पितात. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून जागा, तारीख, वेळ लिहिली आणि पाची फडताळात, जिथे दही विरजायला ठेवते तिथे, ठेवल्या.

रात्री पंगत आटोपल्यावर पाहिलं. नळाची शिशी काळी. करडी नाही, मळकट नाही, दौतीतल्या शाईसारखी. हौदाची तळाकडून काळी होत चाललेली. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गच्चीवरचीही गेली. आरओची होती तशी, फिक्या चहासारखी. मला हायसं वाटलं. हात जोडले आणि कणीक मळायला बसले. नऊ वाजता पुतण्या आला, त्याने पाचवी उचलून उजेडाकडे धरली. माठाची शिशी काळी होती.

माठात पाणी आरओचंच पडतं. मी स्वतः भरते. मग मैला आला कुठून? ओगराळं होतं, पण त्याचा दांडा तुटला होता आणि मी श्रावणापासून "आणू, आणू" म्हणत होते. मुलं स्टीलचा पेला सरळ माठात बुडवत होती. बोटं पाण्यात. त्यातला एखादा नुकताच संडासातून आलेला, हातावर नुसतं पाणी घेतलेला. हिपॅटायटिस ए असलेल्या माणसाचे डोळे पिवळे होण्याच्या आधी आठ-पंधरा दिवसांपासून त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणजे पहिला मुलगा हसत-खेळत पंगतीला बसत होता त्या दिवसांतही त्याचा हात माठात जात होता.

कावीळ माझ्याच माठातून झाली असं शिशी सांगत नाही, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. या काविळीला अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर पोरांनी बाड्यावरच्या बाजारात पाणीपुरी खाल्ली असेल, गावाला जाऊन विहिरीचं पाणी प्यायली असतील. शिशी इतकंच म्हणते की आज या भांड्यात बहुतेक मैला पोहोचलेला आहे. पण ज्या वाटेने मैला येतो त्याच वाटेने टायफॉइड येतो, कॉलरा येतो, कावीळ येते. मला तेवढं पुरे झालं.

माठ त्याच दिवशी फोडला नाही, आधी घासून, उकळतं पाणी ओतून, उन्हात ठेवून पाहिला. पुन्हा शिशी भरली तर ती चोवीस तासांनी साफ. मग तोटीचा माठ आणला, कारण ओगराळं पुन्हा तुटणारच. मोरीत साबणाची वडी जाळीच्या पिशवीत टांगली, म्हणजे ती पन्हाळीत वाहून जात नाही. तो पहिला मुलगा महिन्याने परत आला तेव्हा गळ्यात काविळीची माळ होती, गावाकडे घातलेली. घालू द्यावी, त्याच्या आईचा जीव त्यात होता. ही कावीळ बहुधा आपली आपण उतरते. मी फक्त त्याच्या आईला फोन करून सांगितलं की जडीबुटीचा काढा देऊ नका, आजारी लिव्हरवर त्याचा भार नको, आणि डॉक्टरांना न विचारता तापाची गोळीही नको.

राहिला नळ. सासरे फार अभिमानाने सांगायचे की आपलं पाणी तिघऱ्याच्या धरणाचं, तिथे विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. तिघऱ्याचं पाणी मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळून, औषध घालून शहरात येतं. ते आमच्या दारापर्यंत काळं कसं झालं? प्लंबर बोलावून खोदून पाहिलं. गल्लीतल्या मोठ्या लाइनपासून आमच्या घरात येणारी जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी पाइप नालीच्या आतून आडवी गेलेली. ही जोडणी आमची खाजगी, सासऱ्यांच्या काळातली. पाइपला गंजून सुईच्या अग्राएवढी दोन भोकं पडली होती. नळ चालू असतो तेव्हा त्यातून पाणी बाहेर उडतं, काही आत जात नाही. नळ गेले की पाइप रिकामी होते आणि नालीतलं आत झिरपतं. पुढच्या वेळी नळ आले की ते सगळं पहिल्या धारेबरोबर आपल्या बादलीत. त्यात आम्ही टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, थेट लाइनला जोडलेला. तो पाणी ओढतो तेव्हा पाइपमध्ये ओढ तयार होते आणि भोकातून नालीचं पाणीही ओढलं जातं. टुल्लूमुळे पाणी जास्त मिळतं म्हणून मी खूश होते. दहा वर्षं मी नाली ओढत होते.

समोरच्या घरातल्या वहिनींना एक शिशी दिली. त्यांची पाइपही त्याच नालीतून. त्यांचीही काळी. मग दोन्ही घरांनी मिळून प्लंबर लावला, पाइपा नालीच्या वरून, जाड आवरणातून नेल्या. टुल्लू काढून हौदानंतर बसवला, म्हणजे लाइनमधून पाणी आपल्या जोराने हौदात पडतं आणि पंप फक्त हौदातून गच्चीवर चढवतो. पहिली पाच मिनिटं पडणारं पाणी आता मोरी धुवायला. हौद उपसला तेव्हा भिंतीला हिरवा थर आणि पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या निघाल्या. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटून राहतात, म्हणून नुसता रिकामा करून भागत नाही, घासावा लागतो. हौदाला बसणारं झाकण करून घेतलं. या सगळ्यानंतर शिशी भरली ती दोनदा साफ निघाली. पावसाळ्यात एकदा पुन्हा काळी झाली. तेव्हापासून चातुर्मासात पिण्याचं पाणी उकळल्याशिवाय देत नाही, आरओ असला तरी. खळखळ उकळी फुटली की एक मिनिट, मग झाकून गार.

आता तक्रार. पौषात, संक्रांतीच्या आधी, मी पुन्हा पाच शिश्या भरल्या. पाचीच्या पाची दोन दिवस फिक्या. मी इंदूरला जाऊबाईंना आनंदाने फोन केला. पुतण्या आला आणि त्याने विचारलं, "ठेवल्या कुठे होत्या?" फडताळातच. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला माहीत असेल, पहाटे पारा तीन-चारवर येतो, घरातलं खोबरेल दगड होतं. त्या थंडीत जंतू वाढतच नाहीत, मग शिशी काळी कुठून होणार? ही चाचणी तीस ते सदतीस अंशांच्या उबेत ठेवायची असते. माझ्या पाकिटावर इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'गरम जागी ठेवा' एवढंच होतं. किती गरम, थंडीत काय करायचं, काही नाही. बनवणाऱ्यांनी हे मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत छापायला हवं, कारण खोटी काळी शिशी फार तर तुम्हाला पाणी उकळायला लावेल, पण खोटी साफ शिशी तुम्हाला निर्धास्त करते. मी दुसऱ्या वेळी कुकरच्या डब्यात शिश्या ठेवल्या, बाजूला गरम पाण्याची रबरी पिशवी, वरून जुनी गोधडी, आणि पिशवीतलं पाणी दर चार-पाच तासांनी बदललं. हौदाची शिशी दुसऱ्या रात्री काळी पडली. ज्या शिशीला मी साफ म्हणून मोकळी झाले होते, त्याच हौदाची.

दुसरी मर्यादा मोठी आहे आणि ती दुकानदार सांगणार नाही. शिशी साफ म्हणजे विषाणू नाहीत असं नव्हे. क्लोरीनने जंतू मरतात तितक्या सहजी काही विषाणू मरत नाहीत. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात मैला शिरला, शुद्धीकरण केंद्राने क्लोरीन वाढवलं, टायफॉइडची साथ आली नाही, पण काविळीने सुमारे २९ हजार माणसं आजारी पडली. तो विषाणू हिपॅटायटिस ई होता हे कितीतरी वर्षांनी कळलं. गरोदर बाईला ही ई कावीळ जिवावर बेतू शकते. म्हणून घरात दिवस गेलेली सून किंवा लेक असेल आणि वस्तीत कावीळ चालू असेल तर शिशीची वाट पाहू नका, उकळायला लागा. नाही तरी शिशी उत्तर देते ते दुसऱ्या दिवशी, आणि तहान आजची असते.

तिसरं, ही शिशी क्षार आणि रसायनं ओळखत नाही. शिवपुरीकडचा एक मुलगा आमच्याकडे आहे, त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. गावच्या हापशातल्या फ्लोराइडचे. त्याने कौतुकाने एक शिशी गावी नेली, ती साफ निघाली आणि घरचे म्हणाले पाणी चांगलं आहे. मी त्याला बसवून समजावलं की फ्लोराइड, नायट्रेट यांच्यासाठी वेगळी तपासणी लागते, ती जिल्ह्याच्या पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या, प्रयोगशाळेत होते. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पिऊ नये असं आपलं भारतीय मानक सांगतं. आणि असं पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून वाढतं. तसंच काही बोअरच्या पाण्याला मुळातच गंधकाचा वास असतो, तिथे शिशी मैला नसतानाही काळी पडू शकते. तोटी उघडल्याबरोबर कुजका वास येत असेल तर या शिशीवर भरवसा ठेवू नका.

जाऊबाईंनी इंदूरला त्यांच्या आरओची शिशी भरली. काळी. त्या खूप रागावल्या, मशीन नवीन होतं. मग झाकण काढून आतली टाकी पाहिली, हाताला बुळबुळीत लागली. जाळीतून गाळलेलं पाणी स्वच्छच असतं, पण गाळल्यावर ते ज्या टाकीत बसतं ती कोणी धुतली नव्हती. धुतल्यावर साफ. माझा आरओ सुटला तो नशिबाने.

वापरलेली काळी शिशी उघडून हुंगायला जाऊ नका. त्यात जंतू कोट्यवधींनी वाढलेले असतात. मी हातमोजे घालून झाकण सैल करते, ब्लीचिंग पावडरचं घट्ट पाणी भरते, अर्धा तास ठेवून संडासात ओतते आणि हात साबणाने धुते. शिशी पुन्हा वापरायची नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी. लहान मुलं असलेल्या घरात ती औषधाच्या डब्याजवळ तर मुळीच ठेवू नका.

घ्यायची असेल तर मुदतीची तारीख पाहून घ्या. माझ्या दुसऱ्या खेपेला दहांपैकी दोन शिश्यांची झाकणं वाटेत सैल झाली होती आणि आतला कागद ओलसर होता. विकणाऱ्याने बदलून दिल्या नाहीत. कागद कोरडा आणि झाकणाचं सील शाबूत नसेल तर ती शिशी बाद समजा. एक घेऊ नका, निदान चार-पाच घ्या, नळापासून ओठापर्यंत पाणी जिथे जिथे थांबतं तिथली प्रत्येकी एक. सहावी उकळून गार केलेल्या पाण्याची भरा. ती काळी पडली तर शिशीतच किंवा तुमच्या हातातच खोट आहे, बाकीच्यांचं उत्तर मानू नका. हे पुतण्याने मला थंडीच्या फजितीनंतर शिकवलं, आणि आता माझ्या खर्चाच्या वहीत दर तिमाहीला शिश्यांचे २४० रुपये वेगळे काढलेले असतात, कोथिंबीर-मिरचीच्या ओळीखाली.